फोटो काढायला कोणी आहे का?

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळचे पेशंट संपत आले होते. आमच्या गावातले एक निवृत्त शिक्षक, त्यांना आपण नुसते 'गुरुजी' म्हणू, पत्नीसह दवाखान्यात आले. मला वाटले, नेहमीप्रमाणे रक्तदाब तपासायला आले असतील. पण वहिनींनी पिशवीतून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला.

"डॉक्टर, पोराला कावीळ झालीय का बघा. तोंड कसं पिवळं दिसतंय. नाकही सुजल्यासारखं वाटतंय."

मुलगा सप्टेंबरमध्ये एम.एस्सी.साठी लंडनला गेलेला. आमच्यासमोर लहानाचा मोठा झालेला, गुणी मुलगा. मी फोटो पाहिला. रात्रीची वेळ, छोटीशी खोली, डोक्यावर पिवळा दिवा आणि हात लांब करून स्वतःच काढलेला फोटो.

मी हसून म्हणालो, "वहिनी, ही कावीळ पोराला नाही, दिव्याला झालीय."

दोघेही हसले आणि निश्चिंत झाले. माझ्या त्या विनोदाबद्दल मला पुढे वाईट वाटायचे होते. ते का, हे लेखाच्या शेवटी सांगतो.

फोटोवरून आजार कळतो का?

परदेशातल्या मुलांचे फोटो दाखवून "हा खराब झालाय का?" असे विचारणारे पालक हल्ली आठवड्याला एक-दोन तरी येतात. म्हणून आधी हे समजून घेऊ.

आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्यापासून शिकवले जाते की कावीळ बघायची तर दिवसाच्या नैसर्गिक उजेडात, आणि कातडीपेक्षा डोळ्याच्या पांढऱ्या भागात. पिवळ्या दिव्याखाली निरोगी माणूसही पिवळा दिसतो. ट्यूबलाईटखाली तोच माणूस फिकट दिसतो.

दुसरी गोष्ट अंतराची. मोबाईल चेहऱ्याच्या फार जवळ धरला की जे भाग भिंगाच्या जवळ असतात ते मोठे येतात आणि कान मागे सरकल्यासारखे दिसतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की साधारण एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोत हा फरक जवळजवळ उरत नाही. वहिनींना दिसलेली नाकाची सूज ही अशी होती.

तेव्हा चेहऱ्याचा खरा फोटो हवा असेल तर तीन गोष्टी लागतात. दिवसाचा उजेड, पाच-सहा फुटांचे अंतर आणि फोटो काढणारा दुसरा माणूस.

मी गुरुजींना म्हणालो, "त्याला सांगा, खिडकीजवळ किंवा बाहेर उभं राहून दुसऱ्या कोणाकडून तरी फोटो काढून घे आणि मला पाठव."

दोन आठवडे झाले तरी फोटो आला नाही. मीच मुलाला निरोप पाठवला. त्याचे उत्तर आले, ते जसेच्या तसे सांगतो.

"डॉक्टरकाका, फोटो काढायला कोणी नाही."

अठरा फोटो

त्या संध्याकाळी मी गुरुजींच्या घरी गेलो आणि मुलाने गेल्यापासून पाठवलेले सगळे फोटो मागून घेतले. एकूण अठरा होते. सगळे एकट्याचे आणि जवळजवळ सगळे त्या खोलीतले. थेम्स नदीवरच्या पुलाचा एक होता, त्यातही तो एकटाच. एकाही फोटोत दुसऱ्या माणसाचा खांदादेखील नव्हता.

कातडीचा रंग बघण्याच्या नादात ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती.

रविवारी मी त्याच्याशी निवांत बोललो. आधी "सगळं मस्त आहे काका" हेच. मग हळूहळू कळले. घरात पाच भाडेकरू, पाच खोल्या, पाच बंद दरवाजे. प्रत्येकाच्या कामाच्या वेळा वेगळ्या. विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करण्याची मुभा असते, म्हणून हा शुक्रवारी आणि शनिवारी रात्री एका दुकानात माल लावायला जाई. शनिवार-रविवारी दुपारी एक-दोनपर्यंत झोप. उठेपर्यंत दिवस संपत आलेला. जेवण म्हणजे ब्रेड आणि नूडल्स. शुक्रवारचे वर्ग संपल्यापासून सोमवारच्या वर्गापर्यंत दुकानातले दोन शब्द सोडले तर कोणाशीही बोलणे नाही. आईशी रोज बोलायचा, पण आईला कसे सांगणार? तिने दागिने गहाण ठेवून पाठवलेले.

एकांत वेगळा, एकटेपणा वेगळा

वाचकांपैकी काही म्हणतील, "डॉक्टर, हा काय आजार झाला का?" एकटेपणा हा आजार नव्हे, पण तो अनेक आजारांना दार उघडून देतो. एकांत आपण स्वतः निवडतो आणि तो सुखाचा असतो. माणूस हवासा वाटतो आणि मिळत नाही, तो एकटेपणा. शंभर माणसांच्या घरातही तो असू शकतो.

२०१० साली संशोधकांनी १४८ अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यात ३,०८,८४९ माणसांची माहिती होती. सरासरी साडेसात वर्षांच्या काळात, ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते त्यांची जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक आढळली. अमेरिकेत हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे. त्यात असे दिसले, की पन्नाशीत ज्यांना आपल्या नात्यांत समाधान होते तेच ऐंशीच्या वर्षी अधिक धडधाकट होते. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून जेवढा अंदाज बांधता आला नसता, तेवढा या समाधानावरून बांधता आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि वर्षाला सुमारे ८,७१,००० मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. ब्रिटन सरकारने तर २०१८ साली या प्रश्नासाठी एक मंत्रीच नेमला.

याची कारणे गूढ नाहीत. एकट्या माणसाचे शरीर सतत सावध राहते. झोप उथळ होते, रक्तदाब चढा राहतो, जेवणाच्या वेळा जातात, सिगारेट-दारू जवळची वाटू लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याचा चेहरा रोज बघणारे कोणी नसते.

माझ्या घरातला धडा

हे शेवटचे वाक्य मी पुस्तकातून घेतलेले नाही. माझा एक चुलत भाऊ १९९३ साली आखाती देशात नोकरीला गेला. दर दोन-तीन महिन्यांनी पाकिटातून फोटो यायचा. पांढरा शर्ट, काळा गॉगल, चकचकीत मोटारीला टेकून उभा. मोटार कोणाची होती, देव जाणे. आम्ही तो फोटो गावभर दाखवायचो. मी तेव्हा नुकताच डॉक्टर झालो होतो. मीदेखील म्हणायचो, "दादाची तब्येत काय सुधारलीय!" ती सुधारणा नव्हती, सूज आणि वजन होते. रक्तदाब वाढलेला होता आणि तो कोणी कधी मोजला नव्हता.

१९९७ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, सुट्टीच्या दिवशी सकाळी खोलीत त्याला अर्धांगाचा झटका आला. दार आतून बंद. कामावर आला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी लोकांनी दार तोडले. आजही त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

अर्धांगात पहिले तास मोलाचे असतात. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. पण त्यासाठी कोणीतरी समोर बसून म्हणायला हवे, "अरे, तुझं तोंड वाकडं का दिसतंय?" मित्र काय करतो, असे मला कोणी विचारले तर मी डॉक्टर म्हणून एवढेच सांगेन, की मित्र चेहरा बघतो.

मैत्रीला वेळ किती लागतो?

गुरुजींच्या मुलाचे म्हणणे, "काका, इथे लोक बोलतात पण मैत्री होत नाही." ही तक्रार बहुतेक सगळ्यांची असते. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात २०१८ साली यावर अभ्यास झाला. गाव बदलून आलेल्या माणसांना विचारले, की नव्या ओळखीच्या माणसाबरोबर किती वेळ घालवलात आणि आता तो तुमचा कोण? साधारण ५० तासांनी ओळखीचा माणूस बऱ्यापैकी मित्र होतो, ९० तासांनी मित्र आणि २०० तासांहून अधिक वेळाने जिवलग. नुसते एकत्र काम केलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, खाणे-पिणे, भटकणे यांतले तास मोजले जातात.

आपण हिशेब करू. दर रविवारी पाच तास एका माणसाबरोबर भटकलात, तर दहा रविवारांत ५० तास होतात. अठरा रविवारांत ९०. चाळीस रविवारांत २००. म्हणजे परदेशात गेल्या गेल्या दोन महिन्यांत "इथे कोणी आपले नाही" असे वाटणे साहजिक आहे. हिशेबच पुरा झालेला नसतो. पण रविवार झोपेत गेला तर तो कधीच पुरा होणार नाही.

कलकत्त्याच्या एका बाईंची गोष्ट

मी मुलाला एक गोष्ट सांगितली, ती आपणही ऐका. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाई १८१५ साली कलकत्त्यात जन्मल्या. १८४८ साली पतीच्या निवृत्तीनंतर इंग्लंडला गेल्या आणि पुढे वाइट बेटावर राहिल्या. पती कॉफीचे मळे बघायला सिलोनला गेलेले, मुलेही मोठी झालेली. १८६३ च्या डिसेंबरमध्ये मुलीने आणि जावयाने आईचा एकटेपणा जावा म्हणून त्यांना एक कॅमेरा भेट दिला. तेव्हा बाई ४८ वर्षांच्या होत्या.

त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला, कोळशाच्या खोलीत काचा धुतल्या. घरातल्या मोलकरणी, शेजारची मुले, भेटायला आलेले कवी आणि शास्त्रज्ञ, सगळ्यांना समोर बसवले. त्या काळी एका फोटोसाठी कित्येक मिनिटे न हलता बसावे लागे. एवढा वेळ एक माणूस दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राही. डार्विन आणि कवी टेनिसन यांचे त्यांनी काढलेले फोटो जगप्रसिद्ध आहेत. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्यांची चित्रे जपलेली आहेत. ही गॅलरी १८५६ साली स्थापन झाली, ट्रफाल्गर चौकाला लागून आहे आणि कायमचा संग्रह बघायला पैसे पडत नाहीत.

या गोष्टीत आपल्या कामाचे काय? बाईंनी कॅमेरा स्वतःकडे वळवला नाही, तो दुसऱ्याकडे वळवला. स्वतःचा फोटो काढायला दुसरे कोणी लागत नाही. दुसऱ्याचा काढायचा तर त्याला विचारावे लागते, थांबवावे लागते, हसवावे लागते. झाली ओळख.

मी मुलाला चिठ्ठी लिहून दिल्यासारखे सांगितले: "औषध एकच. दर रविवारी दिवस असताना बाहेर पडायचं. बरोबर एक माणूस घ्यायचा. आधी त्याचा फोटो काढायचा, पाच फुटांवरून. मग त्याला म्हणायचं, आता माझा काढ."

उजेड आणि 'ड' जीवनसत्त्व

बाहेर पडण्याला आणखी एक कारण आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनला सकाळी आठच्या सुमारास सूर्य उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. जेमतेम आठ तासांचा दिवस. आपल्याकडे तेव्हाही सुमारे अकरा तासांचा असतो. दुपारी दोनला उठणाऱ्याच्या वाट्याला दोन तासांचा उजेड येतो. हिवाळ्यातल्या अंधाराने काही जणांना उदासी येते, झोप वाढते, गोड खावेसे वाटते. १९८४ साली डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे शास्त्रीय वर्णन केले. ते स्वतः दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून अमेरिकेच्या हिवाळ्यात गेलेले होते.

घरातल्या दिव्याचा उजेड साधारण १०० ते ५०० लक्स असतो. ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर तो हजाराच्या वर जातो. म्हणून आभाळ भरलेले असले तरी बाहेर पडावे.

मात्र एक गैरसमज नको. तिथल्या हिवाळ्यातल्या उन्हाने मन ताजे होते, झोपेचे घड्याळ जाग्यावर येते, पण 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत तिथले ऊन त्यासाठी पुरेसे नसते. ब्रिटनची आरोग्यसेवा सगळ्यांना शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, 'ड' जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला देते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असे सांगते. इथून साठ हजार युनिटच्या पुड्यांचा डबा पाठवून "रोज एक घे" म्हणणारे पालक मी पाहिले आहेत. कृपा करून असे करू नका. त्याने रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

पुढे काय झाले

मुलाने आठवडाभर धीर केला नाही. मग एके दिवशी कॉलेजच्या दाराशी घाना देशातल्या एका सहाध्यायाला म्हणाला, "घरी पाठवायला माझा एक फोटो काढशील का?" तो म्हणाला, "काढतो. मग माझाही काढ, माझी आईही सारखी मागते."

शनिवार रात्रीची पाळी त्याने बदलून घेतली. रविवारी दोघे हॅम्पस्टेड हीथच्या टेकडीवर गेले. तिथून सगळे शहर दिसते. पुढच्या रविवारी रिचमंड पार्कात हरणे पाहिली. फोटो येऊ लागले. दोघांच्या टोप्या, लाल झालेली नाके, डब्यातली पोळी.

आणि आता ती मला खटकणारी गोष्ट. जानेवारीत एके दिवशी तो मित्रच फोटो बघता बघता त्याला म्हणाला, "बाहेरच्या उजेडातही तू पिवळट दिसतोस. आणि टेकडी चढताना तुला धाप का लागते?" त्याने बळेच त्याला तिथल्या डॉक्टरकडे नाव नोंदवायला लावले. रक्त तपासले. हिमोग्लोबिन कमी, बी-१२ फारच कमी. मुलगा शाकाहारी. दूध-दही इथे असतानाही बेताचेच घ्यायचा. बी-१२ चा शरीरातला साठा संपायला काही वर्षे लागतात, म्हणजे ही कमतरता तो इथूनच घेऊन गेला होता. या प्रकारच्या रक्तक्षयात चेहऱ्यावर फिकट, लिंबासारखी पिवळट झाक येते, हे मी विद्यार्थी असताना पाठ केले होते. थकवा आणि उदासीही त्याने वाढते.

म्हणजे दिव्याचा दोष होता, पण सगळा दिव्याचा नव्हता. आईची नजर बरोबर होती आणि मी विनोद करून मोकळा झालो. मी वहिनींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या डॉक्टर, त्या पोराने बघितलं ना!" उपचार सुरू झाले. आज मुलगा बरा आहे. अजून रात्रीचे काम करतो, अजून पैशाची ओढाताण आहे. पण रविवार मोडत नाही.

पालकांसाठी

१. फोटोवरून रोगनिदान करू नका, डॉक्टरांनाही करू देऊ नका. शंका आली तर तिथल्या डॉक्टरकडे तपासणीचा आग्रह धरा.

२. "जेवलास का?" याच्या जोडीला "कोणाबरोबर जेवलास?" असे विचारा.

३. रविवारी त्याच्या दुपारच्या वेळी दोन-दोन तास फोन करू नका. तो त्याचा बाहेर पडण्याचा वेळ आहे.

४. जाण्याआधी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि रक्तदाब तपासून घ्या. शाकाहारी मुलांचे तर नक्कीच.

मुलामुलींसाठी

१. पोहोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवा. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेलाच असतो.

२. आपल्या माणसांत जा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. एक तरी मित्र परक्या भाषेचा असू द्या.

३. थंडीत एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला. टोपी, हातमोजे आणि बरोबर पाणी हवे. कुठे जातो ते कोणाला तरी सांगून जा.

४. फोटोसाठी जीव धोक्यात घालू नका. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे पांढरे कडे खडूचे आहेत, ते अचानक ढासळतात. कडेपासून लांब राहा. अनोळखी माणसाचा, विशेषतः लहान मुलांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

५. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटले तर एक क्षणही थांबू नका. ब्रिटनमध्ये ११६ १२३ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. आपल्याकडे सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

शेवटी इथे राहणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. आपल्या गल्लीतही अशी घरे आहेत जिथे मुले दूर गेली आणि दोन म्हातारी माणसे उरली. या रविवारी एखाद्या घरी जा. त्यांना अंगणात, सकाळच्या उजेडात बसवा आणि पाच फुटांवरून एक फोटो काढा. तो मुलाला पाठवताना चेहऱ्याकडे नीट बघा. कोणास ठाऊक, पहिल्यांदा तुमच्याच काहीतरी लक्षात येईल.